बारावा फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. काळा, चौकोनी, डब्यासारखा. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, एका खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत मी पाच वर्षांपासून बंद आहे. माझ्या पोटात एक रोल अडकला आहे.

१९६९ साली कवडू मेश्रामने मला सीताबर्डीच्या दुकानातून घरी आणले. तो वीज केंद्रात फिटर होता आणि त्याला पक्ष्यांचा नाद होता. हिवाळ्यात सुटीच्या दिवशी सकाळीच तो बायकोला, इंदूबाईला, घेऊन कन्हानच्या काठाने फिरायला निघे. मी त्याच्या गळ्यात असे. कॉलनीतले लोक मला हातात घेऊन पाहत. तेव्हा मला मान होता.

खरे सांगायचे तर पक्षी टिपणे माझ्या आवाक्यातले नव्हते. दूरचा बगळा माझ्यात तिळाएवढा येई. धुऊन आलेले फोटो पाहून इंदूबाई म्हणे, "अवो, हा बगळा होय का खडूचा ठिपका?"

"तुले नजरच नाही वं."

"नजर हाये म्हणून तं विचारून राहिली."

एका रोलात बारा फोटो निघत. बाराही झाल्याशिवाय रोल धुवायला द्यायचा नाही, हा कवडूचा नियम. आणि बाराही पक्ष्यांचेच. "माहाही एक काढा ना," असे ती म्हणाली, की त्याचे उत्तर ठरलेले, "तू तं घरीच हायेस. पाखरू उडून जाते."

१९७६ च्या जानेवारीत दहा फोटो झाले होते. नदीवर धुके होते. वाळूच्या पट्ट्यावर एक करकोचा उभा होता, इतका जवळ, की माझ्यातही नीट मावला असता. पण केंद्राची राख बसू नये म्हणून कवडू मला चामड्याच्या कव्हरात बटण लावून ठेवी. गारठलेल्या बोटांनी बटण निघेना. ते निघाले आणि करकोच्याने पंख पसरले. कवडूची नजर त्याच्यामागे वर गेली, त्याच्या हातात मी बाजूला वळलो, बोट मात्र खटक्यावर दाबले गेले.

मी समोरच पाहत होतो. समोर इंदूबाई होती. पदर कानांवरून घट्ट घेतलेला, आणि नवऱ्याची फजिती पाहून ती तोंडभर हसत होती. ती सगळी माझ्यात आली.

"काहून हासून राहिली? नुसतं पाणी आलं असन त्याच्यात," कवडू चिडून म्हणाला आणि त्याने रोल पुढे सरकवला.

"एक राह्यला ना अजून. पुढच्या रविवारी काढा."

पुढच्या रविवारी तिला ताप होता. कावीळ निघाली. फेब्रुवारी संपायच्या आत ती गेली.

पुण्यानुमोदनाला टेबलावर ठेवायला तिचा फोटो हवा होता. कवडूने सगळे घर उलथून पाहिले. लग्नातला नव्हता, नंतरचाही नव्हता. तिची धाकटी बहीण अंजनाबाई म्हणाली, "भाऊजी, एवढे फोटो काढले, अन् माह्या बाईचा एक नाही?"

त्याने टेबलावर तिचे लुगडे घडी करून ठेवले आणि त्यावर फुले वाहिली. त्याच दिवशी मी पेटीत गेलो.

मी किती आतल्या आत सांगतो, पण मला तोंड नाही. दर हिवाळ्यात तो पेटी उघडतो. माझ्या पाठीवरच्या लाल खिडकीत बाराचा आकडा पाहतो. "एक बाकी हाये," म्हणतो आणि झाकण लावतो. आता कोणाचा काढावा, हे त्याला सुचत नाही. आणि अपुरा रोल धुवायला द्यायची त्याला सवय नाही.

उन्हाळ्यात पत्रा तापतो. प्रत्येक उन्हाळ्यात फिल्म कडेकडेने काळवंडत जाते.

मित्रांनो, तुमच्या घरी कॅमेरा असेल तर घरच्या माणसांना आधी जागा द्या. आणि कधी कवडू भेटला, तर त्याला एवढे सांगा. बाराव्याला भिंत चालेल, खाट चालेल, अंगणातला कावळाही चालेल. खटका दाब आणि रोल धुवायला दे. अकराव्यात पाणी नाही. अकराव्यात इंदूबाई आहे.