तार कोणी बांधली?

“पाय जमिनीवर टेकवा. खोलीत काय काय दिसतंय, ते सांगा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“पंखा... टेबल... तुमचा चष्मा,” बॉयलरवाला म्हणाला. हळूहळू श्वास जागेवर आला. वर्षभर दर गुरुवारी हेच चाललं होतं. बाई आठवणीच्या मागे हात धुऊन लागत नसत. “तेव्हा पेललं नसतं, म्हणून मनानं बाजूला ठेवलंय. ओढून काढायचं नाही, आणि आपण होऊन आलं तरी लगेच खरं मानायचं नाही,” असं त्यांनी बजावलं होतं.

लॉन्ड्रीतला बॉयलर फुटला, त्यात त्याचा मेहुणा गेला आणि हा वाचला. त्याआधीचा अर्धा तास डोक्यातून साफ पुसला गेला. वाफ कमी पडू नये म्हणून जादा वाफ सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह तारेनं आवळून ठेवायचा, ही तिथली सर्वांना ठाऊक असलेली आणि कोणीही न पाहिलेली पद्धत! ‘तार मेहुण्यानं बांधली’ असा कागद घेऊन मॅनेजर थेट दवाखान्यात खाटेपाशी हजर झाला. ह्याच्या डोक्यात काहीच नव्हतं, तेव्हा कागदावरचं ते खरं धरून ह्यानं सही ठोकली. मेलेला माणूस थोडाच उलटून बोलणार होता! तेव्हापासून सासूबाई जावयापुढे मान खाली घालून वागत.

गेले तीन आठवडे आठवणीचे तुकडे येत होते. आज ते जुळले. लॉन्ड्रीत घड्या घालणाऱ्या मावशींना त्यानं परवाच तारेबद्दल विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “मी बघितलं होतं रे. मला कोणी विचारलंच नाही.”

“घरी सांगू?” त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“ते तुम्ही ठरवा, घाई नाही. पण तेव्हा तुम्ही जाणूनबुजून खोटं बोलला नव्हता.”

“आता गप्प बसलो तर जाणूनबुजूनच होईल ना, बाई?”

बायको माहेरीच होती, म्हणून तो थेट तिकडेच गेला. दार सासूबाईंनी उघडलं. “या जावईबापू. दमलात? माझ्या पोराच्या निष्काळजीपणानं तुमच्या नशिबी हे आलं बघा.”

वर्षभर हे वाक्य त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं. आज त्याला स्वतःची किळस आली.

“आई, तार मी बांधली होती.”

“काहीतरीच काय बोलताय!” बायको म्हणाली. “गोळ्यांनी डोकं फिरलंय तुमचं.”

“मीच बांधली. तो म्हणाला, ‘भावजी, तार काढा.’ मी म्हटलं, ‘तू मला शिकवू नकोस.’ तो परत म्हणाला.”

“परत म्हणाला?” सासूबाईंनी विचारलं.

“हो. मग स्वतःच काढायला पुढे गेला.”

त्यांनी शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्या मात्र लेकीकडे वळल्या. “ऐकलंस? सांगत होता तो. माझा पोरगा सांगत होता.”

“उद्या जबाब बदलून देतो,” तो म्हणाला.

“द्या,” सासूबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. “आणि परत इकडे येऊ नका.”

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती आईजवळ जाऊन बसली होती. तिथून ती हलली नाही, तेव्हा तो एकटाच जिना उतरला.