गाव रेडिओ ऐकत नाही

"रेडू? आमचे गावान?" पाहुण्याने आपल्याकडे हत्ती मागितला असावा, असा चेहरा दाजीने केला. "नाय बा. आमी मिठागरावर राबनारी मानसं. आमचेकडं कुठला रेडू?"

कमळाकरने मान हलवली आणि कागदावर फुली मारली. तो ओटीवर बसला होता तिथून बरोबर डोक्यावरून एरियलची तार गेली होती आणि कौलांच्या फटीतून घरात शिरली होती. तारेवर दाजीच्या बायकोचं लुगडं घातलेलं होतं. ते ओलं नव्हतं. आतल्या खोलीत रेडिओवर गोधडी टाकून वर घरातलं तान्हं पोर निजवलं होतं. पोर तेवढं खरोखर झोपलं होतं.

पनवेलच्या खाडीकाठच्या या गावात रेडिओ एकच, आणि तो दाजीचा. बॅटरीवर चालणारा, जुना, पनवेलच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेला. रेडिओला लायसन लागतं हे दाजीला कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी सांगितलं त्यांचं त्याने ऐकलं नव्हतं. आपल्या घरातल्या खोक्याशी सरकारचा संबंध काय, हे त्याला पटत नव्हतं. पण गेल्या वर्षी पलीकडच्या गावात एक साहेब आला, गोड बोलून चौकशी करून गेला, आणि आठवड्यात दुसरा साहेब येऊन रेडिओ उचलून घेऊन गेला. तेव्हापासून हातात कागद असलेला माणूस बांधावर दिसला की गावाला रेडिओ हा शब्दच ठाऊक नसे.

कमळाकर मुंबईच्या रेडिओ केंद्राचा माणूस होता, तोही हंगामी. गावोगाव हिंडायचं, कोण काय ऐकतो ते विचारायचं आणि लिहून न्यायचं, एवढंच त्याचं काम. त्याने ते घसा कोरडा पडेपर्यंत प्रत्येकाला सांगितलं, आणि तो जितकं सांगे तितका गावाचा संशय पक्का होई. तुळशीरामने आपल्याला ऐकूच येत नाही म्हणून सांगितलं. हे त्याने कमळाकरच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितलं. पुढच्या घरातली बाई "रेडू म्हंजे काय वो?" म्हणाली. बातम्या संपून गावकऱ्यांचा कार्यक्रम कधी लागतो, हे त्या बाईइतकं चोख अख्ख्या गावात कोणाला माहीत नव्हतं.

शेवटचं घर भीमाबाईचं. ती अंगणात सुपात जवळा घेऊन निवडत बसली होती.

भीमाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणायचे आणि नवरानवरीला त्या गाण्यांनीच लग्नात बांधायचं, हे तिचं काम. तिच्या सासूचंही तेच होतं. एके काळी उरणपासून तिला बोलावणी येत आणि ती गेल्याशिवाय मांडवात कोणी हळदीला हात लावत नसे. आता लग्नाला भटजी येई, पनवेलहून बँड येई, कर्ण्यावर सिनेमाच्या तबकड्या लागत. भीमाबाईला हळदीच्या वेळी थोडं म्हणू देत आणि मग कोणीतरी म्हणे, "झाला ना गो? बाजावाला खोलंबलाय."

अशाच एका लग्नात रेडिओच्या कोणा साहेबाने तिला ऐकलं. तेव्हापासून महिन्यातल्या एका बुधवारी गावकऱ्यांच्या कार्यक्रमात तिचे धवले लागत. मुंबईला तिचं गाणं टेपवर भरून घेत. तिथल्या खोलीत सतरंजी होती, भिंतींना बनातीचं जाड कापड लावलेलं होतं, आणि तिचं कडवं पुरं होईपर्यंत कोणी खोकतसुद्धा नसे. मग ठरलेल्या बुधवारी अख्खं गाव दाजीच्या अंगणात जमे. भीमाबाई पदर तोंडाला लावून मागे बसे आणि आपलाच आवाज ऐके. त्या वेळी तिला इतकं बरं वाटे, की ती घरी येऊन जेवत नसे. म्हातारपणी मिळालेलं हे सुख तिला फार हवं होतं. ते कोणाला सांगायला मात्र तिला लाज वाटे.

कमळाकरने पाणी मागितलं. तांब्या रिकामा करून तो म्हणाला, "मावशी, मी लायसनचा माणूस नाही."

"मना ठाव हाय."

"कशावरून?"

"लायसनवाला पानी मागत नाय, बाला. सरळ घरान घुसतं."

दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. कमळाकर तिथेच उंबऱ्याला टेकून बसला.

"मग ऐका. बुधवारी रेडिओवर धवले लागतात, ते ठेवायचे की काढायचे हे आता ठरणार आहे. शहरातल्या लोकांना त्या वेळात गाणी हवीत, सिनेमाची. साहेब म्हणाले, ज्यांचे धवले आहेत ते तरी ऐकतात का, बघून ये. म्हणून मला या बाजूला पाठवलं. तीन गावं झाली, कोणी हो म्हणत नाही. मला काय दिसत नाही? ती तार काय लुगडी वाळवायला बांधलीय? पण मी डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं नसतं. लोक सांगतील ते लिहायचं. तुम्ही एकट्या जरी हो म्हणालात, तरी मी साहेबांशी बोलून बघीन."

भीमाबाईचा हात जवळ्यात थांबला. हो म्हणायला एक शब्द पुरे होता. तो तोंडापर्यंत आलाही होता.

"आमचे गावानं काय सांगलं तुला?"

"सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं."

"दाजीनं पन?"

"सगळ्यात आधी त्यांनीच."

तिने दाजीच्या घराकडे पाहिलं. दाजी ओटीवर उभा राहून इकडेच बघत होता. त्याच्या मागे तुळशीराम होता, आणखी चारपाच जण होते. आपण हो म्हटलं तर सरकारच्या कागदावर हे सगळे खोटे ठरणार, हे तिला कळत होतं. कागद कोणाच्या हातात जाईल हे या पोरालाही ठाऊक नव्हतं.

"मंग मी पन नाय," ती म्हणाली.

"मावशी, घाई करू नका."

"घाई कसली? गावानं येक सांगायचं ना मी दुसरं? लिव, नाय ऐकत म्हनून."

कमळाकरने फुली मारली. "नाव सांगा."

"भीमाबाई."

पेन्सिल थांबली. त्याने वर पाहिलं. "धवले म्हणतात त्या?"

"लिव ना रं. उन चरलंय, तुला पनवेलपावत चालाचं हाय." जवळ्यातला एक खडा तिने उचलून बाजूला टाकला.

कमळाकरने साहेबांना तोंडी काही सांगितलं की नाही, कोणास ठाऊक. सांगितलं असलं तरी कागदावर फुल्याच होत्या.

पुढच्या महिन्यात ठरलेल्या बुधवारी नेहमीप्रमाणे गाव दाजीच्या अंगणात जमलं. बातम्या झाल्या, बाजारभाव झाले. मग एका गृहस्थाने शेणखताची माहिती सांगायला सुरुवात केली. हा आटोपला की धवले लागतील, म्हणून सगळे दम धरून बसले. तो आटोपला आणि सिनेमाचं गाणं सुरू झालं. लोक एकमेकांकडे, मग मागे भीमाबाईकडे बघायला लागले.

दाजी भडकला. "या मुंबयवाल्यांना काय अक्कल हाय का? हितं लहान पोर पन उपाशी बसून ऐकतंय. जरा येऊन आमाला इचारा तरी म्हनावं!"

कोणी हसलं नाही. सगळ्यांना त्याचं अगदी पटलं होतं. भीमाबाईने एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं. तो कागदवाला खरंच हेच विचारायला आला होता, असं सांगितलं असतं तर दाजीची मान खाली गेली असती, आणि मग तो पुन्हा कधी रेडिओ लावता ना.

"बंद कर दाजी," ती म्हणाली. "बॅटरी फुकट जाते."

दाजीने खटका फिरवला. बायका पोरांना काखोटीला मारून उठल्या. तुळशीराम तिच्याबरोबर चालत आला आणि तिच्या अंगणापाशी थांबला.

"आज चुकलं असंल त्यांचं काय तरी," तो म्हणाला. "फुडचे म्हयन्यान लागंल गो."

"लागंल," भीमाबाई म्हणाली आणि दाराची कडी काढायला वळली.