वहिनीचा गृहपाठ

पार्वतीबाईंनी चुलीजवळचा चिमटा घेतला, कोनाड्यातलं लिंबू त्यात पकडलं आणि हात होईल तेवढा लांब करून ते अंगणात आणलं. लिंबाला सात सुया टोचलेल्या होत्या.

"कुणी केलं हे?"

अनसूया शाळेत जायला वेण्या घालत होती. रिबीन दातांत धरूनच ती म्हणाली, "टाकू नकोस आई. वहिनीचा गृहपाठ हाय तो."

शेजारच्या कमलबाईंनी भिंतीवरून डोकं काढलं, लिंबू पाहिलं आणि डोकं आत घेतलं. अनसूया शाळेत पोचेपर्यंत ते लिंबू निम्म्या सोनपेठला ठाऊक झालं होतं.

खरं तर तो गृहपाठच होता. इंदुमती वहिनी दहा रविवार परभणीला ॲक्युपंक्चर शिकत होती. कंबर, गुडघे, डोकं दुखलं की बारीक सुया टोचून बरं करायची ती चिनी विद्या. एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागं वर्ग भरायचा, आणि हात थरथरू नये म्हणून सर आधी लिंबावर सराव करायला लावायचे. दादा नोकरीला नांदेडला, म्हणून वहिनीच्या सोबतीला अनसूया. एका रविवारी विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एसटीच सुटली नाही, तेव्हा वहिनीपेक्षा तिलाच जास्त वाईट वाटलं होतं. शाळेच्या हस्तलिखितासाठी ती जादूच्या शाळेची गोष्ट लिहीत होती, आणि सगळा माल तिला मागच्या बाकावर बसून फुकट मिळत होता.

परीक्षा येत्या रविवारी होती. जिवंत माणसाला तीन सुया घालून दाखवायच्या, आणि माणूस ज्याचा त्यानं आणायचा. अनसूयेचा हात कधीच ठरला होता.

संध्याकाळी पार्वतीबाईंनी निकाल दिला. रविवार बंद. करणी करणारं घर म्हणून लोक बोटं दाखवायला लागले तर तोंड कुठं लपवायचं? अनसूयेचे वडील दत्तराव वर्तमानपत्रामागून बाहेर आले नाहीत.

मग अनसूयेनं वहिनीचं वकीलपत्र घेतलं. वही उघडून ती आईला फरक समजावायला लागली. जादूच्या शाळेत हातभर कांडी असते, वहिनीच्या शाळेत बोटभर सुई. तिथले मंत्र कुणालाच कळत नाहीत, इथं अंगावरच्या जागांची नावं चिनी आहेत, ती सरांनाही धड म्हणता येत नाहीत. तिथं धूर करून भूत काढतात, इथं वाळक्या पाल्याची विडी पेटवून गुडघ्याजवळ धरतात आणि दुखणं काढतात. अंगातून न दिसणाऱ्या चौदा नद्या वाहतात, हे मात्र दोन्हीकडं सारखंच शिकवतात. आणि सुई आत गेली की सर वाकून हळूच विचारतात, आलं का?

"काय आलं का?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"मुंग्या आल्यासारखं वाटतं ना, ते. पण काही पेशंट आलं, आलं म्हणत चक्क घुमायलाच लागतात."

वर्तमानपत्र थरथरलं. दत्तराव हसत होते. पार्वतीबाई हसल्या नाहीत. आपण कुणाच्या बाजूनं बोलून बसलो हे तेव्हा अनसूयेच्या ध्यानात आलं, आणि तिनं वही मिटली.

वहिनी एवढा वेळ भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, "आई, या रविवारी तुमीच चला की सोबतीला. डोळ्यांनी बघा. मग बंद म्हणा."

"येतेच. अनू राहील घरी. लय झाली तिची जादू."

अनसूयेनं तोंड उघडलं. परीक्षेत सोबतीला येणाऱ्याचं काय होतं ते आईला सांगायला हवं होतं. वहिनीनं एकदाच तिच्याकडं पाहिलं आणि पुढचा उंडा हातात घेतला. अनसूयेनं तोंड मिटलं.

रविवारी सकाळच्या गाडीनं दोघी गेल्या. अनसूया गोष्ट लिहायला बसली, पण ओळ सुचेना. आईच्या पायातला साधा काटा काढायचा तरी गल्ली गोळा होते. ती सुई पाहून उठून आली तर वहिनी नापास, आणि पुढचं सगळं कायमचं बंद. दुपारी तिला राहवेना, तिनं दत्तरावांना सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि गाडीला दोन तास असताना ते स्टँडवर निघाले. अनसूया मागोमाग.

गाडीतून आई आधी उतरली. वहिनीची सुयांची डबी तिच्या हातात होती, दोन्ही हातांनी धरलेली. अंगठ्याशेजारी एक तांबूस ठिपका होता. मागून वहिनी पिशव्या घेऊन उतरली आणि अनसूयेकडं बघून तिनं नुसती मान हलवली. पास.

चौघं घराकडं निघाले. कमलबाई दारातच उभ्या होत्या. काय शिकवायलेत म्हणं तिथं, त्यांनी विचारलं.

"तुला न्हाई कळायचं," पार्वतीबाई न थांबता म्हणाल्या. "शाळा हाय ती."

अंगणात चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?"

"आई, वर्ग संपला," वहिनी म्हणाली. "आज शेवटचा होता."

पार्वतीबाई एक पाय उंबऱ्यावर ठेवून थांबल्या.

"एवढ्यातच?" त्या म्हणाल्या. डबी परत द्यायची त्यांना काही घाई दिसली नाही.