शून्याखालचा काटा

मित्रांनो, गाडीच्या एसीत गॅस भरताना जो दाब मोजतो ना, तो जुना गेज मी. मला दोन तबकड्या आहेत, कमी दाबाच्या बाजूची निळी आणि जास्त दाबाच्या बाजूची लाल. कारखान्यातून निघालो तेव्हा दोन्ही काटे शून्यावर ताठ उभे होते.

वीस वर्षे मी गॅरेजच्या मिस्त्रींच्या हाताखाली काम केले. गाडी सुरू करून ते नळ्या जोडत आणि माझ्याकडे बघत बघत बेताने गॅस सोडत. "काटा बोलतो तेच खरं," असे ते गिऱ्हाइकांना सांगत. मी फुगून जात असे.

मग मिस्त्रींच्या लेकीने विजेवरचे यंत्र आणले. ते स्वतःच गॅसचे वजन करते आणि स्वतःच थांबते. ती त्याला रोज फडक्याने पुसे, झाकून ठेवी. मला खणात पान्यांखाली टाकले. माझा नुसता जळफळाट झाला. अशात एक जड पाना माझ्यावर आदळला आणि निळा काटा शून्याच्या पाच रेघा खाली जाऊन बसला.

एका दुपारी वीज गेली. टॅक्सीवाल्या काकू आल्या; त्यांच्या टॅक्सीचा एसी गार हवा देत नव्हता. चार वाजता त्यांना आजारी वडिलांना दवाखान्यात न्यायचे होते, आणि म्हाताऱ्याला उकाडा सोसत नव्हता.

मिस्त्रींनी मला बाहेर काढले. "बघ, वीज गेली की तुझं यंत्र म्हणजे नुसतं कपाट!"

"बाबा, आधी काटा शून्यावर आहे का बघा."

"याला काय बघायचं? तू शाळेत जात होतीस तेव्हापासून ओळखतो मी याला."

मला केवढा आनंद झाला! यंत्र कोपऱ्यात मुके उभे होते. निळा काटा दाब कमी दाखवत राहिला, मिस्त्री गॅस सोडत राहिले. लाल काटा वर चढला. "ऊन आहे, चढणारच," ते म्हणाले.

तेवढ्यात गॅस दाबणारा कॉम्प्रेसर खडखडला आणि जास्त झालेल्या दाबाने फस्सकन सगळा गॅस उडाला.

"झालं का हो?" काकूंनी विचारले.

मिस्त्रींनी नळ्या काढल्या. काही जोडलेले नसतानाही माझा निळा काटा शून्याखालीच होता. त्यांचा चेहरा उतरला. "नाही काकू. बिघडवलं मी. माझ्या गाडीचा एसी चालू आहे. चला, वडिलांना मी नेतो."

ते गेल्यावर लेकीने माझी काच उघडली, बारीक स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला आणि मला पुसले. यंत्राला पुसते त्याच फडक्याने. तरीही त्या यंत्राकडे पाहिले की आजही माझ्या पोटात दुखते, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, हत्यार कितीही जुने, कितीही लाडके असो, हातात घेताना आधी तपासा. ते बिघडले तर स्वतःहून सांगत नाही. आणि त्या दुपारी मला तर सांगायचेही नव्हते.