खासबागच्या कढईतले काळे तेल

मित्रांनो, मी लोखंडाची एक जुनी कढई आहे. मी जे सांगणार आहे ते मिरवण्यासारखे नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

अनगोळच्या एका लोहाराने मला घाव घालून घडवले. १९७२ साली मष्णू आणि त्याची बायको अंबुबाई खानापूरकडच्या खेड्यातून बेळगावात आली. त्यांनी मला घेतले आणि खासबागेत भज्यांचे छोटे दुकान थाटले. खासबाग म्हणजे विणकरांची वस्ती. चार वाजले की मागांचा खडखडाट थांबे आणि माणसे आमच्या दारात जमत.

पहिली वर्षे सुखाची होती. मष्णू घाण्यावरचे ताजे शेंगतेल दिवसापुरतेच ओतायचा. मग गिऱ्हाईक वाढले आणि वनस्पती तुपाचे पत्र्याचे डबे दुकानात आले. ते थिजलेले पांढरे तूप माझ्यात वितळू लागले. त्यात तळलेली भजी दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत राहत. संध्याकाळी उरलेले काळे पडले, तरी सकाळी त्यातच नवे मिसळले जाई. पाचव्या-सहाव्या दिवशी ते काकवीसारखे दाट होई आणि त्याचा धूर डोळ्यांना झोंबे. लोक बोटे चाटत आणि मला नावाजत. माझ्या पोटातला कडवटपणा मला कळत होता, तरी त्या कौतुकाने मी फुगत होते.

नागोजी विणकर हा मष्णूचा जिवलग. पहिल्या घाण्यातली बशी रोज त्याची. १९८३ साली जिना चढताना त्याच्या छातीत दुखू लागले, म्हणून त्याची बायको जयाबाई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. परतताना ती थेट दुकानात आली. नागोजीच्या रक्तवाहिन्यांत चरबी साठली आहे आणि थिजणारे तूप व पुन्हा पुन्हा तापवलेले तेल त्याला विषासारखे आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

"ते मागतील, पर तुम्ही देऊ नकासा, अण्णा," ती म्हणाली.

"न्हाय देत, आक्का," मष्णूने शब्द दिला.

तो शब्द चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी नागोजी हसत आला. "मष्ण्या, तू बी आता डाक्टर झालास व्हय रं? एका बशीनं काय मरतोय मी?"

मष्णू घुटमळला. मित्राचे मन मोडवेना. त्याने पीठ सोडले आणि मीही नेहमीसारखी चुरचुरले. पुढे ते रोजचेच झाले. फरक एवढाच, की नागोजी आता जयाबाईला दिसू नये म्हणून दुकानामागे बसून खायचा.

दसऱ्याच्या आधी, कामाच्या ऐन धांदलीत, तो मागावरच कोसळला. दवाखान्यात जीव वाचला, पण हृदय कायमचे दुबळे झाले. यापुढे माग चालवायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. सगळ्या गल्लीत खडखडाट चाले, त्या एका घरात मात्र काही वाजत नसे.

जयाबाई दुकानात आली. ती रागावली नव्हती, फक्त थकली होती. नागोजी 'म्या कायबी खाल्लं न्हाय' असेच सांगत होता. मित्राचे नाव त्याने घेतले नव्हते.

"अण्णा, तुम्ही भजी दिलासा काय?"

"न्हाय," मष्णू म्हणाला.

उगाच संशय घेतला म्हणून ती बिचारी माफी मागून गेली. आत कांदा चिरणाऱ्या अंबुबाईने सगळे ऐकले होते. ती बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "नागोजीदादा मेला असता, तरबी न्हायच म्हनला असतासा काय?"

मष्णू पुन्हा पीठ कालवू लागला. पण दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला तेलासकट उचलले आणि नागोजीच्या घरी जाऊन जयाबाईसमोर ठेवले. अंथरुणावरून नागोजी त्याला गप्प राहण्याची खूण करत होता. मष्णूने तिकडे पाहिले नाही.

"आक्का, ह्यातलंच दिलं. रोज दिलं. त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो."

जयाबाईने माझ्यात बोट बुडवले, वास घेतला.

"ह्यातलंच समदी गल्ली खातीया," एवढेच ती म्हणाली.

मित्रांनो, तेव्हा मला भट्टीपेक्षाही जास्त भाजले. आम्हाला एकटा नागोजीच दिसत होता; साऱ्या गल्लीचा विचार आम्ही केलाच नव्हता.

मष्णूने ते तेल खड्ड्यात पुरले. मी आठवड्यातून एकदाच चुलीवर चढू लागले, तेही ताज्या शेंगतेलासाठी. बाकीचे दिवस दुकानात उसळ, भाकरी आणि कारळ-जवसाची चटणी मिळू लागली. स्निग्धपणा शरीराला लागतोच, असे डॉक्टरांनी मष्णूला समजावले होते. शेंगदाणे, जवस, ताजे तेल मापात घेतले तर अंगी लागते; वनस्पती तूप आणि जळके तेल मात्र धमन्या हळूहळू बुजवते. काही गिऱ्हाइके तुटली, काही टिकली. नागोजी काठी टेकत येतो, भाकरी खातो. जयाबाई अंबुबाईशी बोलते. मष्णूला मात्र तिने पुन्हा कधी 'अण्णा' म्हटले नाही, आणि त्यानेही त्याबद्दल तक्रार केली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कढईत डोकावून बघा. तेल काळे पडले असेल, तर मोठ्यांना सांगा. आणि ज्याला अपाय होणार आहे तो कितीही लाडाने मागू लागला, तरी त्याला नकार द्या. मला बोलता येत नव्हते. मष्णूला येत होते.