अंगठ्याखालची खाच

मी एक जुनी लाकडी मोजपट्टी आहे, मित्रांनो. बियाणे जपणाऱ्या एका माणसाने मोडक्या खिडकीच्या लाकडातून मला तासले आणि बोटाबोटावर एकेक खाच पाडली. माझ्यावर आकडे नाहीत, पण माझा शब्द म्हणजे शब्द! तीस वर्षे मी त्यांच्यासोबत भाताची रोपे मोजली. ते आधी पानांचा रंग बघत, वाकून बुंधा बघत, मगच मला हात लावत. मला याचा रागच यायचा.

पुढे त्यांची नजर गेली, ते अंथरुणाला खिळले. डब्यात एका जुन्या वाणाचे मूठभर बी उरले होते. ते दुसऱ्या कुणाकडेच नव्हते. त्यांच्या लेकीने ते ट्रेमध्ये पेरले. रोज संध्याकाळी ती मला त्यांच्याजवळ आणायची आणि त्यांचा अंगठा खाचेवर टेकवायची.

"बाबा, आठवी खाच! काही रोपं तर बाकीच्यांच्या दुप्पट झालीत."

"आणि रंग?"

"हिरवाच की," ती घाईने म्हणाली.

तिने नीट पाहिलेच नव्हते. उंच रोपे फिकट होती, काडीसारखी बारीक होती. मला दिसत होते, पण मला फक्त उंची सांगता येते. आणि खरे सांगू? कौतुकाने मीही फुशारले होते.

उंच रोपांना जागा व्हावी म्हणून तिने बुटकी सगळी उपटून टाकली. आठवड्याभरात उंच रोपे माना टाकू लागली. बुंध्याशी पांढरट बुरशी दिसली. बियाणे तपासणाऱ्या बाई आल्या.

"रोपाला वाढवणारं संप्रेरक असतं ना, तेच ही बुरशी ढीगभर तयार करते. रोप नुसतं वाढत सुटतं, अंगात ताकद राहत नाही. वर तिचं विष मुळांना. चांगली रोपं बुटकी असणार. ती कुठायत?"

लेकीने उकिरड्याकडे बोट दाखवले.

"आज केवढी गं?" संध्याकाळी बाबांनी विचारले. तिने त्यांचा अंगठा नवव्या खाचेवर ठेवला. दुसऱ्या संध्याकाळी दहाव्या. ट्रे केव्हाच रिकामा झाला होता.

बाराव्या खाचेवर ते हसले. "लावणीला आली. आता मला काळजी नाही."

दोन दिवसांनी ते गेले.

आता मी त्याच ट्रेमध्ये पडून असते. लेक मला हात लावत नाही. मित्रांनो, जरूर मोजा, पण आधी वाकून रंग बघा. बुटक्या रोपाला उपटण्याआधी चार दिवस थांबा. मी आयुष्यात एकच खोटे बोलले, आणि त्यावर विश्वास ठेवूनच ते गेले.