कानात गेलेला पेचकस

मित्रांनो, मी एक जुना पेचकस आहे आणि माणसाच्या कानात जाऊन आलो आहे. तिथे पाहण्यासारखे काही नाही. अंधार असतो, मळ असतो, आणि मालकाला अक्कल किती थोडी आहे ते कळते.

माझे टोक तांदळाच्या दाण्याहून बारीक आहे. ते घासणाऱ्या कारागिराने मला तीनदा भिंगाखाली धरले, तेव्हा कुठे पेटीत ठेवले. मनगटी घड्याळातले, डोळ्याला जेमतेम दिसणारे स्क्रू फिरवायचे हे माझे काम. बावीस वर्षे ते मी घड्याळकाकांच्या टेबलावर केले. काकांचा हात चांगला होता, हे कबूल करावे लागते. डावा कान तर त्याहून चांगला. घड्याळ त्या कानाला लावून ते डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "दुसरं चाक अडखळतंय." उघडून पाहावे तर खरेच तसे असे. गिऱ्हाइके तोंडात बोटे घालायची.

असा कान लाभलेला माणूस त्याची निगा कशी राखत होता? काम संपले की मला कानात घालून खाजवत बसायचा! घड्याळात धूळ जाईल म्हणून दुकानात पंखा न लावणारा हा शहाणा स्वतःच्या कानात लोखंड फिरवी. मी हाताशी नसलो तर काडेपेटीची काडी, पेनचे टोपण, कपाटाची किल्ली, काहीही चाले. काकू ओरडायच्या, "अहो, कान आहे तो, कुलूप नाही!" पालथ्या घड्यावर पाणी. मळ बाहेर येण्याऐवजी आत ढकलला जाई आणि काका समाधानाने मान डोलावत. मला त्यांची कीव नव्हे, किळस येई.

मग काका विमानाने लेकीकडे जाऊन आले. परतताना सर्दीने नाक चोंदलेले, तरी विमान खाली टेकेपर्यंत हे महाशय घोरत होते. डाव्या कानाला गच्च दडा बसला. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी नाक दाबून इतक्या जोराने फुंकले की डोळे बाहेर यायचेच बाकी राहिले.

तेवढ्यात शेजारच्या निवृत्त नर्सबाई घड्याळाचा पट्टा बदलायला आल्या. काकांनी सवयीने घड्याळ डाव्या कानाला लावले आणि चेहरा गंभीर केला. "बाई, हे तर पार बंद पडलंय," असे म्हणून ते झाकण उघडायला लागले.

"अहो, सेकंदकाटा पळतोय की!" बाई म्हणाल्या. "घड्याळ नाही, तुमचा कान बंद पडलाय."

काकांनी ओशाळून विमानाची हकिगत सांगितली. बाई म्हणाल्या, "जोर लावू नका. घोट घोट पाणी प्या, जांभया द्या, काहीतरी चघळा. नाक धरून फुंकायचंच तर अगदी हळू. पुढच्या वेळी विमान उतरताना जागे राहा. दोन-तीन दिवसांत कान मोकळा झाला नाही, दुखला, वाहिला किंवा चक्कर आली, तर सरळ डॉक्टरकडे जा. आणि कानात काही म्हणजे काही घालू नका."

"हो हो," काका म्हणाले. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायला त्यांचा दुसरा कान मोकळा नव्हता, तरी त्यांनी ते जमवले. बाईंची पाठ वळताच त्यांचा हात माझ्याकडे आला.

टिकटिक ऐकू न येणाऱ्या घड्याळवाल्याकडे कोण येईल, ही धास्ती मला त्यांच्या बोटांत जाणवत होती. धास्ती खरी होती, उपाय मूर्खाचा होता. त्यांनी मला कधी नव्हे इतके खोल घातले. काकू चहा घेऊन आत आल्या, दार काकांच्या कोपराला लागले, आणि मी मळातून थेट कानाच्या पडद्याच्या आरपार गेलो.

माझ्या टोकावर रक्त होते. काका टेबल धरून किंचाळले, "या पेचकसानं घात केला!" नाचता येईना, अंगण वाकडे. मला खणात फेकून देण्यात आले. गेले चार महिने मी तिथेच गंजतो आहे.

डॉक्टरांचे बोलणे काकू आता प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. "मळ आपोआप बाहेर येतो म्हणे. घट्ट बसलाच तर कोमट तेलाचे दोन थेंब, तेही पडदा शाबूत असेल आणि कान दुखत-वाहत नसेल तरच. नाहीतर डॉक्टर कशाला आहेत?" पडदा भरून आला, पण आतल्या नाजूक हाडांना धक्का बसला तो बसलाच. काकांना माणसांचे बोलणे ऐकू येते, टिकटिक येत नाही. उजवा कान तर आधीपासूनच मंद होता.

मित्रांनो, आम्हा अवजारांना आमच्या कामाला लावा आणि कानाला त्याच्या वाटेने राहू द्या. यात न समजण्यासारखे काय आहे, ते मला अजून कळलेले नाही. एवढे सांगूनही हात शिवशिवत असतील, तर काल काय झाले ते ऐका.

खण उघडा राहिला होता. काकांनी एक घड्याळ दुरुस्त केले आणि काकूंच्या कानाला लावले. काकू डोळे मिटून ऐकू लागल्या, काका त्यांच्या ओठांकडे बघत थांबले.

"चालतंय," काकू म्हणाल्या.

"अगं, पण कसं चालतंय?"

काकूंनी पुन्हा डोळे मिटले, बराच वेळ ऐकले, आणि त्यांना काही सांगता आले नाही.